ऑइलचा डबा मागून वाचा

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की एक ठरलेला प्रश्न येतो. बोनेट उघडं असतं, मेकॅनिक चिंधीला हात पुसत विचारतो, "साहेब, मिनरल टाकू, सेमी टाकू की फुल सिंथेटिक?" आपण क्षणभर गप्प होतो. मग खिशाकडे बघून किंवा गाडीवरच्या मायेपोटी काहीतरी उत्तर देऊन मोकळे होतो.

मी कित्येक वर्षं "चांगलं असेल ते टाका" एवढंच सांगत आलो. एकदा काम झाल्यावर सहज विचारलं, "कुठलं टाकलंत?" उत्तर आलं, "फुल सिंथेटिक." ग्रेड विचारली तेव्हा मात्र त्याला कोपऱ्यातला रिकामा डबा उचलून बघावा लागला. डब्यावर ५डब्ल्यू-४० होतं. घरी येऊन डॅशबोर्डच्या खणातलं मॅन्युअल पहिल्यांदाच नीट उघडलं, तर तिथे ०डब्ल्यू-२० लिहिलेलं. इंजिन बिघडलं नाही, पण एका भारदस्त शब्दाला भुलून मी महागडं आणि तरीही चुकीचं ऑइल घेतलं होतं.

हा लेख त्या अनुभवातून आला आहे. सिंथेटिक ऑइल चांगलं असतं, यात वाद नाही. पण डब्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात असते ती जाहिरात. आपल्या कामाची माहिती मागच्या बाजूला, बारीक अक्षरात असते. ती कशी वाचायची, ते क्रमाने बघू.

ऑइल इंजिनात काय काय करतं?

वंगण हे पहिलं काम सगळ्यांना माहीत असतं. क्रँकशाफ्ट आणि त्याचं बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि धातू धातूला न घासता त्या थरावर तरंगतो. पण तेवढ्यावर ऑइलचं काम संपत नाही. पिस्टनच्या खालच्या बाजूची उष्णता ते वाहून नेतं, रिंगा आणि सिलिंडर यांच्यातली बारीक फट भरून काढतं, जळणातून आलेली काजळी स्वतःत धरून ठेवतं आणि आम्लामुळे धातू गंजू देत नाही.

एवढी कामं एकट्या तेलाने होत नाहीत. डब्यात दोन गोष्टी असतात: बेस ऑइल आणि त्यात मिसळलेली ॲडिटिव्ह. डाळ आणि फोडणी म्हणा. फोडणीत काजळी सुटी ठेवणारी द्रव्यं असतात, आम्ल मारणारी डिटर्जंट असतात, फेस होऊ न देणारी द्रव्यं असतात आणि झीज रोखणारं जस्त-फॉस्फरसचं संयुगही असतं. डाळ कितीही उत्तम असली तरी फोडणी करपली की आमटी बिघडते, तसंच हे आहे. 'सिंथेटिक' हा शब्द फक्त डाळीबद्दल सांगतो. फोडणीबद्दल तो अवाक्षर काढत नाही. म्हणून एकट्या त्या शब्दावर निवड करता येत नाही.

सिंथेटिक म्हणजे नेमकं काय?

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, बेस ऑइलचे पाच गट करते. पहिला आणि दुसरा गट कच्च्या तेलापासून शुद्ध केलेला. बाजारात ज्याला मिनरल म्हणतात, तो हा. तिसरा गटही बहुधा कच्च्या तेलातूनच येतो, पण प्रचंड दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून त्याचे रेणू तोडून नव्याने जुळवलेले असतात. चौथा गट पीएओचा. इथे रेणू इथिलीनसारख्या वायूपासून टप्प्याटप्प्याने बांधलेले असतात. जे या चारांत बसत नाही ते पाचव्या गटात. त्यात एस्टर येतात.

सत्तरच्या दशकात मोटारींसाठी सिंथेटिक ऑइल बाजारात आलं. अमेरिकेत ॲम्सॉइलने १९७२ साली आणि मोबिल वनने १९७४ साली ते आणलं. तेव्हा सिंथेटिक म्हणजे रेणू जोडून बनवलेलं, असाच अर्थ होता. पुढे कॅस्ट्रॉलने आपल्या सिन्टेक ऑइलमध्ये पीएओऐवजी तिसऱ्या गटाचं बेस ऑइल वापरायला सुरुवात केली. मोबिलने तक्रार केली. अमेरिकेतल्या जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेने १९९९ मध्ये कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला, आणि तिसऱ्या गटालाही सिंथेटिक म्हणायची वाट मोकळी झाली. जर्मनीत मात्र शब्द अजून जपून वापरतात. तिथे पूर्ण सिंथेटिक म्हणजे चौथा-पाचवा गट, आणि तिसऱ्या गटाच्या ऑइलवर 'एचसी-सिंथेस' असं वेगळं लिहितात.

आपल्याकडे डब्यावर 'फुल्ली सिंथेटिक' दिसलं तर आत तिसऱ्या गटाचं तेल असण्याचीच शक्यता अधिक. त्यात फसवणूक समजायचं कारण नाही. आजचं तिसऱ्या गटाचं चांगलं तेल रोजच्या गाडीला पुरून उरतं. काही कंपन्या ते नैसर्गिक वायूपासूनही बनवतात. कतारमधल्या रास लफानला शेलचा तसा मोठा प्रकल्प आहे.

'सेमी सिंथेटिक' किंवा 'सिंथेटिक ब्लेंड' हे मात्र सगळ्यात मोघम नाव. मिनरलमध्ये सिंथेटिक किती मिसळलं आहे, ते प्रमाण डब्यावर सहसा छापलेलं नसतं.

सिंथेटिकचा खरा फायदा रेणूंच्या एकसारखेपणात आहे. थंडीत ते पटकन घट्ट होत नाही, तापल्यावर फार पातळ होत नाही, कमी उडून जातं आणि उष्णतेने लवकर खराब होत नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि त्याचं बेअरिंग कमालीचं तापतं. तिथे साधं तेल करपून कोळसा धरू शकतं, सिंथेटिक तग धरतं.

५डब्ल्यू-३० हे काय गौडबंगाल?

तेलाचा दाटपणा, शास्त्राच्या पुस्तकातली श्यानता, या आकड्यांत लपलेला असतो. ही पद्धत एसएई या अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संघटनेची. आकडा दोन भागांत वाचायचा.

पहिल्या भागातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल गारठ्यात लवकर वाहतं. ५डब्ल्यू तेलाची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३० अंश सेल्सिअसला घेतात, ०डब्ल्यूची उणे ३५ ला आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला.

दुसरा भाग तापलेल्या इंजिनाचा. १०० अंशांवर ३० ग्रेडच्या तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असावा लागतो. २० ग्रेडला ही मर्यादा ६.९ ते ९.३ आहे, ४० ला १२.५ ते १६.३. म्हणजे आकडा मोठा, तसं गरम तेल जाड.

आपल्याकडे ऊन फार, मग जाड ऑइल बरं नाही का?

हा समज घरोघरी आहे. "उणे तीसची थंडी आपल्याकडे कुठे? चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो, तिथे पातळ ऑइल टिकेल काय?" ऐकायला पटतं, पण हिशोब वेगळा आहे.

पहिली गोष्ट, चालू इंजिनाचं तापमान बाहेरचं ऊन ठरवत नाही, थर्मोस्टॅट ठरवतो. कूलंट साधारण ९० अंशांच्या आसपास राखला जातो आणि ऑइल शंभराच्या आगेमागे जातं. गाडी महाबळेश्वरच्या डिसेंबरात असो की नागपूरच्या मे महिन्यात, रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं धावल्यावर ऑइलला फारसा फरक पडत नाही. अवजड ओझं घेऊन घाट चढताना तापमान वाढतं खरं, पण तो विचार करूनच गाडीच्या कंपनीने ग्रेड ठरवलेली असते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ५डब्ल्यू-३० तेलाचा दाटपणा १०० अंशांवर दहा-अकरा सेंटिस्टोक्स असतो, तर ४० अंशांवर तो साधारण साठच्या घरात, म्हणजे पाच-सहा पट. जुन्या २०डब्ल्यू-५० तेलाचा ४० अंशांवरचा आकडा दीडशेच्या आसपास जातो. भर उन्हाळ्यात नागपूरला गाडी सुरू करताना आपल्याला घाम फुटलेला असतो, पण इंजिनाच्या दृष्टीने ती थंड सकाळच असते. चावी फिरवल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत जितक्या लवकर पोचेल तितकं चांगलं. पातळ सिंथेटिकची कमाई या सेकंदांत आहे.

कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० वर सुखाने चालायची. त्या इंजिनांच्या फटी मोकळ्या होत्या. आजच्या इंजिनांतल्या ऑइलच्या वाटा अरुंद आहेत आणि व्हॉल्व्हच्या वेळा मागेपुढे करणारी यंत्रणाही ऑइलच्या दाबावर चालते. तिथे जाड तेल म्हणजे जास्त संरक्षण, हे गणित बसत नाही. उलटही तितकंच खरं. ज्या इंजिनाला ५डब्ल्यू-४० सांगितलं आहे, त्यात मायलेजच्या आशेने ०डब्ल्यू-१६ ओतणं हा निव्वळ जुगार आहे.

इथे एक सोय आपोआप होते. ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ ही ग्रेड साध्या मिनरल तेलातून बनवताच येत नाही. तुमच्या मॅन्युअलमध्ये ती लिहिली असेल, तर 'सिंथेटिक घेऊ का?' हा प्रश्नच उरत नाही. ग्रेड पाळली की सिंथेटिक घरात आलंच.

फोडणीची पावती: एपीआय आणि एसीईए

ग्रेड फक्त दाटपणा सांगते. ॲडिटिव्हचा दर्जा सांगणारी अक्षरं वेगळी.

एपीआयच्या 'एस' मालिकेतली अक्षरं पेट्रोल इंजिनांसाठी. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा. एसएन २०१० चा, एसपी मे २०२० पासूनचा आणि एसक्यू मार्च २०२५ अखेरीस आलेला. पेट्रोलमध्ये नवा दर्जा जुन्या गाडीलाही चालतो. एसएन मागितलं असेल तर एसपी बिनधास्त टाकावं. एसपीचं महत्त्व छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांना अधिक. अशा इंजिनांत कमी वेगात जोरात पाय दाबला की ठिणगीच्या आधीच जळण पेट घेऊ शकतं आणि त्या धक्क्याने पिस्टन फुटण्यापर्यंत वेळ येते. या दोषाला ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटचाही हातभार लागतो, असं आढळल्यावर नव्या दर्जांत त्याचं प्रमाण कमी करून मॅग्नेशियम वाढवलं गेलं. 'सी' मालिका, उदाहरणार्थ सीके-४, मुख्यतः जड डिझेल वाहनांची.

एसीईए ही युरोपातल्या मोटार उत्पादकांची संघटना. तिच्या दर्जांत जुना-नवा असा सरळ जिना नाही, वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे वर्ग आहेत. ए३/बी४ हा वर्ग भरपूर डिटर्जंटचा. सी२, सी३ हे वर्ग धुराच्या नळीतल्या नाजूक उपकरणांना जपणारे. हा फरक डिझेलवाल्यांनी तरी नीट समजून घ्यायला हवा.

त्यापुढची पायरी म्हणजे गाडीच्या कंपनीची स्वतःची मान्यता: फोक्सवॅगन ५०४ ००, मर्सिडीज-बेंझ २२९.५१, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४ वगैरे. इथे शब्द तपासून घ्या. 'अप्रूव्ह्ड' असेल तर कंपनीने ते ऑइल तपासून मान्य केलेलं आहे. 'मीट्स', 'सूटेबल फॉर', 'रेकमेंडेड फॉर' असं असेल तर तो ऑइलवाल्याचा स्वतःचा दावा आहे. दावा खोटा असेलच असं नाही, पण दोन्हींचं वजन सारखं नाही.

डिझेल, टर्बो, सीएनजी, हायब्रिड

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी, डीपीएफ, आली. अडकलेली काजळी गाडी अधूनमधून जाळून टाकते. पण ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही, ती जाळीत साठत जाते आणि शेवटी जाळी तुंबते. म्हणूनच सी३ वर्गात राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे, तर ए३/बी४ मध्ये १.६ टक्क्यांपर्यंत चालते. तुमच्या डिझेल गाडीला सी३ सांगितलं असताना कोणी 'हेही फुल सिंथेटिकच आहे' म्हणून ए३/बी४ टाकत असेल, तर हात धरा. नवी जाळी बसवायची वेळ आली, तर तो खर्च कित्येक ऑइल चेंजना भारी पडतो.

डिझेलवाल्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. काजळी जाळताना इंजिन थोडं जादा डिझेल फवारतं. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ही क्रिया अर्धवट राहिली की ते डिझेल रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकवरची पातळी वाढताना दिसली तर खूश होऊ नका. ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय आणि ते पातळ होतंय, असा त्याचा अर्थ. आठवड्यातून एकदा तरी गाडी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास सलग पळवावी.

टर्बो गाडी घाट चढून आली की लगेच चावी बंद करू नये. मिनिटभर इंजिन संथ चालू द्यावं, म्हणजे टर्बोतलं तापलेलं ऑइल फिरून निघून जातं. कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेल्या गाडीला बहुधा पेट्रोलचीच ग्रेड सांगितलेली असते. 'सीएनजी स्पेशल' असा वेगळा डबा घेण्याआधी मॅन्युअल बघा. हायब्रिडचं इंजिन सारखं बंद-चालू होतं आणि थंडच राहतं, म्हणून तिथे ०डब्ल्यू-१६ सारखं पातळ तेल दिसतं.

घरात मोटारसायकल असेल तर उरलेलं कारचं ऑइल तिच्यात ओतू नका. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरू लागतो. बाइकच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ ही खूण बघावी.

एक डबा वाचून बघू

दुकानात डबा हातात घ्या आणि सरळ उलटा करा. शेजारी मॅन्युअलमधल्या 'लुब्रिकंट' पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो ठेवा. समजा पुस्तकात लिहिलंय: ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३, ४.५ लिटर.

पहिली नजर ग्रेडवर. ५डब्ल्यू-३० आहे, ठीक. दुसरी नजर दर्जांच्या ओळीवर. एसीईएपुढे 'सी२, सी३' आहे, चालेल. तिथे 'ए५/बी५' असेल तर ग्रेड तीच असूनही डबा परत ठेवायचा. तिसरी नजर कंपनीच्या मान्यतेवर, पुस्तकात मागितली असेल तरच. चौथी नजर पॅकिंगच्या तारखेवर आणि बॅच क्रमांकावर. पाचवी नजर मापावर: साडेचार लिटर हवं असताना तीनचा डबा आणि एकाचे दोन सुटे घेतले, तर अर्धा लिटर टॉप-अपला उरतं. झाकण घट्ट लावून ते डिकीत ठेवा.

एवढं जुळलं की सर्व्हो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, शेल, मोबिल, गल्फ यांपैकी नाव कुठलं, हा प्रश्न दुय्यम होतो. सरकारी कंपनीचं ऑइल हलकं आणि परदेशी नावाचं भारी, या समजाला आधार नाही. दर्जाची अक्षरं सारखी असतील तर दोघांनीही त्याच परीक्षेचं माप धरलेलं असतं.

किती किलोमीटरला बदलायचं?

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं. सिंथेटिक टाकलं म्हणून २०,००० पर्यंत ओढायचं, हा हावरटपणा आहे. दुसऱ्या टोकाला, सिंथेटिक टाकूनही पाच हजाराला बदलणं ही साध्या वापरात उधळपट्टी आहे.

पण आपला वापर साधा आहे का, हे प्रामाणिकपणे बघा. ताशी सरासरी १५ किलोमीटरने मुंबईच्या वाहतुकीत १०,००० किलोमीटर होतात तेव्हा इंजिन ६६० तासांहून जास्त चाललेलं असतं. महामार्गावर ताशी ६० ने तेच अंतर १६७ तासांत होतं. मीटरवर आकडा एकच, ऑइलचं वय मात्र चौपट. सिग्नलची गर्दी, धुळीचे रस्ते, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या हे सगळं मॅन्युअलमध्ये 'कठीण वापर' म्हणून वेगळं दिलेलं असतं आणि त्यासाठी मुदत कमी सांगितलेली असते. ते पान वाचा.

ऑइल काळं झालं म्हणजे संपलं, असंही नाही. डिझेलमध्ये नवं ऑइल काहीशे किलोमीटरमध्येच काळं पडतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. खरी तपासणी पातळीची. सपाट जागा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं, डिपस्टिक काढून पुसायची, पूर्ण आत घालून पुन्हा काढायची. दोन खुणांच्या मध्ये ओल दिसली की बस. वरच्या खुणेच्या पलीकडे भरू नये. क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही.

पैशांचा हिशोब

समजा साडेतीन लिटर ऑइल लागतं. मिनरल ३५० रुपये लिटर, सिंथेटिक ७५० रुपये लिटर धरू. फरक १,४०० रुपयांचा. १०,००० किलोमीटरवर वाटला तर किलोमीटरला १४ पैसे. पेट्रोल १०४ रुपये आणि ॲव्हरेज १६ धरलं, तर इंधनाचा खर्च किलोमीटरला साडेसहा रुपये. पातळ तेलाने यात एक टक्का वाचला, तरी साडेसहा पैसे परत आले. म्हणजे सिंथेटिकचा निव्वळ जादा भार साडेसात पैशांचा. इंजिनाच्या आयुष्यापुढे हा आकडा मोठा नाही. पण ज्या जुन्या गाडीला मिनरलच सांगितलं आहे आणि जी महिन्याला दोनशे किलोमीटर चालते, तिला सिंथेटिकचा हट्ट धरायचीही गरज नाही.

वर 'इंजिन फ्लश' आणि 'स्पेशल ॲडिटिव्ह'चा आग्रह झाला तर नम्रपणे नको म्हणा. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला त्यांची गरज नसते. फिल्टर मात्र दर वेळी नवा घ्या, ड्रेन बोल्टचा वॉशरही नवा. त्यावर वाचवलेले शे-दोनशे रुपये पार्किंगच्या फरशीवर ठिबकत राहतात.

जुन्या गाडीला सिंथेटिक चालतं का?

"सिंथेटिक टाकलं की सील गळतात" ही भीती सत्तरच्या दशकातली आहे. सुरुवातीच्या पीएओ तेलांनी रबरी सील आकसत असत. नंतर एस्टर मिसळून तो दोष काढला गेला. आज जुन्या गाडीत सिंथेटिक टाकल्यावर गळती दिसलीच, तर सील बहुधा आधीच झिजलेलं होतं आणि गाळाने ते बुजवून ठेवलं होतं. सव्वा-दीड लाख किलोमीटर झालेली, ऑइल खाणारी गाडी असेल तर आधी ती किती खाते ते मोजा. दर हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरचा टॉप-अप लागत असेल, तर महागडं ऑइल धुराड्यातून उडवण्यापेक्षा रिंगा-सील दाखवून घ्या.

मिनरल आणि सिंथेटिक एकमेकांत मिसळलं तर दही जमल्यासारखं होतं, हाही गैरसमज. दर्जा पाळणारी ऑइलं एकमेकांत मिसळतात. कशेडी घाटात ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी आधी बंद करा, पातळी बघा आणि कमी असेल तर जवळच्या ग्रेडचं मिळेल ते घाला. कोरड्या इंजिनापेक्षा ते केव्हाही बरं. मात्र पातळी पुरेशी असूनही दिवा विझत नसेल, तर इंजिन पुन्हा चालू करू नका.

नकली माल आणि उरलेलं ऑइल

रिकामे डबे गोळा करून त्यांत भलतंच तेल भरून विकण्याचा धंदा जुना आहे. म्हणून ऑइल माहितीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर घ्या. बिलावर ग्रेड लिहून घ्या. वॉरंटीत गाडी असेल तर तो कागद पुढे उपयोगी पडतो. सील आपल्यासमोर फोडायला सांगा. ड्रममधलं सुटं ऑइल शक्यतो टाळा. आणि काम झाल्यावर रिकाम्या डब्याला स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडा. एवढं एक भोक कोणाचं तरी इंजिन वाचवतं.

काढलेलं काळं ऑइल गटारात जाता कामा नये. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं ऑइल परत गोळा होऊन त्यावर प्रक्रिया व्हावी, ही जबाबदारी उत्पादकांवरही टाकलेली आहे. तुमचं गॅरेज ते कोणाला देतं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

शेवटी एवढंच करा

आज गाडीत बसाल तेव्हा डॅशबोर्डचा खण उघडा, मॅन्युअलमधल्या ऑइलच्या पानाचा फोटो काढा आणि मोबाइलमध्ये जपून ठेवा. पुढच्या वेळी "मिनरल टाकू की सिंथेटिक?" असा प्रश्न आला की तो फोटो पुढे करा आणि म्हणा, "हे टाका, आणि डबा मला दाखवून फोडा."